घरखर्चाचा हिशेब वर्षावर मांडताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या नोकरदार कुटुंबाचा दूध, भाजीपाला आणि रिक्षाभाडे यांचा अंदाज सहसा फारसा चुकत नाही; ओढाताण होते ती जूनमध्ये शाळेची फी, पाठोपाठ गणपती आणि त्याच सुमारास सोसायटीचे तिमाही बिल पुढ्यात आले म्हणजे. यातला एकही खर्च अनपेक्षित नसतो, तरीही महिन्याच्या हिशेबात त्याला जागाच नसल्यामुळे तो क्रेडिट कार्डावर ढकलला जातो किंवा मुदत ठेव मोडून भागवला जातो. म्हणून हिशेबाला किराण्याच्या यादीपासून सुरुवात न करता या खर्चांपासून करावी.

त्यासाठी बँकेचे गेल्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट समोर घ्यावे आणि दरमहा न येणारा प्रत्येक मोठा खर्च वहीत उतरवून काढावा. समजा, सोसायटीचे वर्षाचे ४८,००० रुपये, मालमत्ता कर ९,०००, शाळेची फी व पुस्तके ६०,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग १४,०००, आरोग्य विम्याचा हप्ता २६,००० आणि गणपती-दिवाळीचे ३५,००० असे आकडे निघाले, तर बेरीज १,९२,००० रुपये होते, म्हणजे महिन्याला १६,०००. ही रक्कम पगार जमा होताच वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी आणि ते खाते मोबाइलवरील यूपीआयला जोडू नये. पहिल्या वर्षी मात्र बाराने भागून चालत नाही: शाळेची फी तीन महिन्यांवर आली असेल, तर त्या रकमेला तीननेच भागावे लागते, आणि म्हणून सुरुवातीचे काही महिने हात आखडता घ्यावाच लागतो. हे आधी ठाऊक नसल्यामुळे अनेक जण दुसऱ्याच महिन्यात हा उद्योग सोडून देतात.

हे पैसे कुठे ठेवावेत, याचाही विचार हवा. बँक बुडाली तर ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेतील सर्व शाखांची खाती मिळून, व्याजासह, ५ लाख रुपयांपर्यंत असते आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतपेढीतील ठेवींना मात्र ते नाही. ओळखीचे संचालक आणि अर्धा-एक टक्का जादा व्याज यांवर विसंबून फीचे पैसे पतपेढीत ठेवणे मला तरी पटत नाही.

दरमहाच्या खर्चांत खरा वाव विजेच्या बिलात आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा समज सर्रास आढळतो, पण वरचा दर फक्त पुढच्या युनिटांनाच लागतो. म्हणजेच वाचवलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातले असते, आणि एप्रिल-मेमध्ये एसी २४ ऐवजी २६ अंशांवर ठेवण्याचा फायदा त्यामुळेच बिलात स्पष्ट दिसतो. बिल वेळेआधी भरल्यास थोडी सवलतही मिळते. ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे बिलावरच छापलेले असते.

किराण्यात घाऊक खरेदीचा मोह आवरलेला बरा. वाशीच्या दाणाबाजारातून गहू-तांदळाचे पोते आणणे परवडते खरे, परंतु वन रूम किचनमध्ये ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न असतोच, आणि खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागले की वाचलेले पैसे निवडण्यात आणि टाकून देण्यात जातात. मजल्यावरच्या तीन-चार घरांनी एक पोते वाटून घेणे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग. लोकलने रोज जाणाऱ्यांनी मासिक पासाऐवजी तिमाही काढावा; तीन मासिक पासांपेक्षा तो स्वस्त पडतो.

सुटे खर्च यूपीआयमुळे नजरेआड होतात. त्यावर उपाय म्हणजे दर रविवारी चहाच्या वेळी दोघांनी मिळून आठवड्याचे व्यवहार चाळावेत आणि ज्यांचे कारण दोघांपैकी एकालाही आठवत नाही, तेवढ्यांवर खूण करावी. प्रत्येक रुपयाची नोंद ठेवण्याचा आग्रह मात्र धरू नये; तो सहसा दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

क्रेडिट कार्ड वापरायचेच असेल, तर बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या ओळीकडे दुर्लक्ष करून पूर्ण रक्कम भरावी. थकबाकीवर अनेक कार्डांचे व्याज महिन्याला तीन टक्के किंवा त्याहून अधिक असते, शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. अशी थकबाकी असल्यास दीर्घ मुदतीची बचत थांबवून आधी ती फेडावी. त्यानंतर पीपीएफमध्ये दरमहा पैसे भरायचे ठरवलेत, तर ते ५ तारखेपर्यंत भरावेत, कारण व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजले जाते. पगार ७ तारखेला होत असेल, तर आदल्या महिन्याच्या शिलकेतून ही रक्कम बाजूला काढून ठेवावी.