मुलांना पबमध्ये न्यायचं का? इंग्लंडात नवीन आलेल्या आईबाबांसाठी

दर सप्टेंबरात, शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की आमच्या ग्रुपवर कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. यंदा विचारणारी मुलगी दोनच महिन्यांपूर्वी इकडे आलेली. "ताई, लेकीच्या वर्गातल्या मुलीचा वाढदिवस आहे. आमंत्रणावर पत्ता पबचा आलाय. चुकून आला असेल ना?"

चुकून नाही आला.

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर परमिट रूम येते, काळ्या काचांची, जिच्यासमोरून जाताना आई आपला हात जरा घट्ट धरायची. नाहीतर मग कानठळ्या बसवणारं संगीत आणि दाराशी आडदांड बाउन्सर. इथला नेहमीचा पब या दोन्हींत बसत नाही. 'पब्लिक हाउस' हे त्याचं मूळ नाव, आणि लहान गावांत तो अजून त्या नावाला जागतो. बारशाचं जेवण, अंत्यविधीनंतर नातेवाइकांनी टेकायची जागा, मुलांच्या टीमचं बक्षीसवाटप, सगळं तिथंच. दारू असते, अर्थात असते. पण ती प्यायलाच आलोय अशी सक्ती कुणावर नसते.

हे मला कळायला एक वर्ष लागलं, आणि त्याची किंमत माझ्या मुलानं मोजली. तो सात वर्षांचा होता. शनिवारी फुटबॉलचा शेवटचा सामना झाला आणि कोच म्हणाले, "चला, सगळे पबमध्ये!" मी त्याला सरळ गाडीत घालून घरी आणलं. मनात म्हटलं, काय ही माणसं, सात वर्षांच्या पोरांना गुत्त्यात नेतात! सोमवारी तो शाळेतून आला तो रडवेला. बक्षिसं पबच्या बागेत वाटली होती. त्याचं मेडल कोचनी दुसऱ्या मुलाकडे पाठवून दिलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी मी अजून ठेवली आहे.

मला तेव्हा खात्री होती की हे बेकायदेशीर असणार. तसं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट लागू आहे. तो असं सांगतो, की जी जागा मुख्यतः दारू पिण्यासाठी चालते तिथं १६ वर्षांखालच्या मुलासोबत १८ च्या वरचं माणूस हवं. एवढंच. तुम्ही सोबत असाल तर कायदा तुमच्या तान्ह्या बाळालाही अडवत नाही. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळात तर जिथं बसून दारू पिता येते अशा कुठल्याही ठिकाणी, मग ते रेस्टॉरंट का असेना, १६ खालचं मूल एकटं चालत नाही.

पण कायदा अडवत नाही म्हणून पब अडवणार नाही, असं नाही. परवाना देताना कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, अटी घालू शकतं. मुलांचं संरक्षण हे परवाना देण्यामागच्या चार उद्दिष्टांपैकी एक आहे. शिवाय पब चालवणारा स्वतःचे नियम लावतो. त्याला लँडलॉर्ड म्हणतात. घरमालकाशी गोंधळ करू नका. कुठे मुलं संध्याकाळी ७ पर्यंत, कुठे ९ पर्यंत, कुठे फक्त जेवणाच्या भागात, कुठे अजिबातच नाहीत. म्हणून जायच्या आधी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: मुलं चालतात का, आणि किती वाजेपर्यंत? यात लाजण्यासारखं काही नाही, इथले लोकही विचारतात.

आम्ही नव्हतं विचारलं. दुसऱ्याच वर्षी, पावसात भिजलेली भुकेली दोन पोरं घेऊन सव्वाआठला एका पबच्या दारात शिरलो, आणि काउंटरवरची बाई म्हणाली, आठनंतर मुलं नाहीत. नवरा परतताना एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "आपला रंग पाहून हाकललं." मलाही तसंच वाटलं होतं. मग आठवलं, आपल्यामागून एक गोरं कुटुंब आलं होतं, त्यांनाही तिनं तेच सांगितलं होतं. पाटीही दारावरच होती, आम्ही वाचली नव्हती.

तरी नवऱ्याची शंका अगदीच हवेतली नव्हती. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये काही पब आपल्यासारख्यांना आतल्या खोलीत बसू देत नसत. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स हाच भेदभाव पाहायला तिथे येऊन गेले होते, स्वतःच्या हत्येच्या जेमतेम नऊ दिवस आधी. त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टनं सार्वजनिक जागांतला असा भेदभाव बेकायदेशीर ठरवला. गंमत अशी, की त्याच पट्ट्यात, स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच, हँड्सवर्थ इथं, पुढे पंजाबी मंडळींनी पबच चालवायला घेतले. त्यांना आता सगळे 'देसी पब' म्हणतात. एका टेबलावर पाइंट (बिअरचा मोठा ग्लास) आणि धुमसती मिक्स्ड ग्रिल, म्हणजे भाजलेल्या मांसाची थाळी, शेजारच्या टेबलावर आजी, सून आणि तीन नातवंडं. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या या मधल्या भागात, राहायला आला असाल आणि पबची पायरी चढायला मन घेत नसेल, तर सुरुवात तिथून करा. बिचकायला होत नाही.

स्कॉटलंडला जाणार असाल तर तिथला कायदा वेगळा आहे. तिथं पबला आपल्या आराखड्यात लिहूनच द्यावं लागतं की मुलं येतील का, कुठल्या वयाची, किती वाजेपर्यंत आणि कुठल्या भागात. सुट्टीत आयर्लंडला गेलात तर घड्याळाकडे लक्ष ठेवा: एरवी रात्री ९, आणि मे ते सप्टेंबर १० वाजले की मुलांनी बारमधून उठायचं.

एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. पबमध्ये पोरं दिसणं ही इंग्रजांचीही जुनी परंपरा वगैरे नाही. १९०८ च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टनं १४ वर्षांखालच्या मुलांना बारमध्ये यायला बंदी केली आणि ती पुढे कित्येक दशकं टिकली. आमच्या शेजारचे आजोबा सांगतात, वडील आत आणि आम्ही भावंडं बाहेर गाडीत, हातात लेमोनेडची बाटली आणि क्रिस्प्सचं पाकीट. त्या वयाच्या पुष्कळ लोकांकडे ही आठवण सापडते. इंग्लंडात १९९५ च्या सुमाराला मुलांसाठीचं प्रमाणपत्र घेतलेल्या पबना दार उघडता आलं, नंतर २००३ चा कायदा आला, आणि माझ्या मते खरा फरक पडला तो १ जुलै २००७ ला, जेव्हा इंग्लंडात बंद जागेत धूम्रपानाला बंदी झाली. त्याआधी पबमधून आलं की कपड्यांना दोन दिवस वास यायचा म्हणे. तेव्हा तुमच्या मुलाकडे पाहून एखाद्या म्हाताऱ्यानं कपाळाला आठी घातली, तर त्याचं मनावर घेऊ नका. त्याच्या लहानपणी त्याला स्वतःला आत घेतलं नव्हतं.

आता पब निवडायचा कसा. बाहेर जेवणाचा फळा लावलेला, आत बाळांच्या उंच खुर्च्या, मागे बाग: निर्धास्त जा. भिंतीभर टीव्ही, जेवणाच्या नावाखाली फक्त शेंगदाणे, दुपारी दोनला काउंटरशी एकेकटे बसलेले चार जण: तिथं मुलांना काही काम नाही. धंद्यातली माणसं अशा पबला 'वेट-लेड' म्हणतात, म्हणजे कमाई पेयांवर. वाईट नसतात ते. तिथली माणसं शांतपणे बसायला आलेली असतात, आणि आपलं पोर टेबलाखालून गाडी फिरवत असतं. मोठी फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी मात्र चांगल्यातला चांगला पबही टाळा.

आत गेल्यावर वेटरची वाट बघत बसू नका, आम्ही एकदा वीस मिनिटं बसलो होतो. टेबल धरायचं, त्याचा नंबर बघायचा, एकानं मुलांपाशी थांबायचं आणि एकानं काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, पैसेही तिथंच. मुलांना काउंटरशी नेऊ नये. कोपऱ्यात रंगीबेरंगी दिव्यांचं नाणी टाकायचं मशीन असतं, पोरं त्याकडे पतंगासारखी धावतात; ते जुगाराचं आहे, १८ खालच्यांनी खेळणं बेकायदेशीर. दुपारचं जेवण आटोपलं की बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद असतं, म्हणून तीन-चारला भुकेली मुलं घेऊन पोचू नका. रविवारी रोस्टची, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाची, गर्दी, आधी टेबल सांगून ठेवा. साधं नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. आणि मुलांना पळू देऊ नका. शिस्तीसाठी नव्हे, वाढणारी पोरगी दोन्ही हातांत कढत थाळ्या घेऊन वळते तेव्हा तिला कमरेखालचं काही दिसत नाही.

तुम्ही स्वतः पीत नसाल तर लाइम-सोडा मागा. कुणी का म्हणून विचारत नाही. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं, याला राउंड म्हणतात. त्यात लाइम-सोडावाला माणूसही आपली पाळी आली की उठतो. तेवढं पाळलं की पुरे.

मुलं मोठी झाली की वेगळी डोकेदुखी. १८ च्या आत दारू विकत घेता येत नाही, आणि त्यांच्यासाठी मोठ्या माणसानं घेणं हाही गुन्हा. यात एक पळवाट म्हणा, सवलत म्हणा, आहे: १६-१७ वर्षांच्या मुलानं टेबलावर जेवणासोबत, मोठं माणूस बरोबर असताना, बिअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाची दारू) प्यायली तर चालते, विकत मात्र मोठ्यानंच घ्यायची. तुमच्या लेकाला त्याच्या मित्राचे वडील असा ग्लास देऊ शकतात, तेही कायद्यात बसवून. म्हणून आपल्या घरचं उत्तर काय, हे तो सोळाचा व्हायच्या आधी त्याच्याशी बोलून ठेवा. आमच्या घरात उत्तर नाही असं आहे. २००९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सल्ला दिला होता, की बालपण दारूविना जावं हेच उत्तम, निदान पंधरापर्यंत तरी. मी ते वय अठरापर्यंत ओढलंय. मुलगा कुरकुरतो, कुरकुरू दे. "एक घोट चाखव रे बाळाला" हा विनोद तर कुणाकडूनच खपवून घेऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलाला औषधाखेरीज दारू देणं १९३३ पासून गुन्हा आहे.

राहिला संस्काराचा प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी ग्रुपवर लिहीत नाही. माझं मत सांगते. आई-बाबांच्या मित्रानं एक पाइंट घेतला, गप्पा मारल्या आणि तो घरी गेला, हे पाहून मूल बिघडत नाही. लपूनछपून, कपाटामागच्या बाटलीतून काय चालतं ते मुलांना त्याहून लवकर कळतं. पण मी हेही पाहिलंय: उन्हाळ्याची संध्याकाळ, बाग, बाबा चौथ्या ग्लासावर, आई मोबाइलवर, आणि सहा वर्षांची मुलगी कोटावर डोकं ठेवून बाकावर झोपलेली. तेही आपलंच कुटुंब होतं, मराठी. तो पब मुलांना चालणारा होता, वेळही पाटीवरच्या वेळेच्या आत होती. मुलांना न्यावं की नाही हे माझ्या लेखी पाटीवर ठरत नाही, सोबतचा मोठा माणूस कितव्या ग्लासावर आहे यावर ठरतं. आम्ही सातला उठतो. आवाज चढायला लागले तर साडेसहाला. गाडी चालवणारा एक थेंबही घेत नाही. इथली मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडात ५०, पण मागच्या सीटवर पोरं असताना हा हिशेब करत बसायचाच कशाला?

आणि निघताना डोकी मोजा. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून बकिंगहॅमशरमधल्या एका पबमध्ये सहकुटुंब जेवायला गेले आणि आठ वर्षांच्या लेकीला तिथंच विसरून आले. दोन गाड्या होत्या, प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्या गाडीत आहे. २०१२ मध्ये ही बातमी फुटली. पंतप्रधानांचं होतं, तर आपलं का नाही?

घरच्यांना सांगायचं कसं? आधी तुम्हीच सांगा. आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर धाकटीनं "आजी, आम्ही पबमध्ये गेलो होतो!" असं जाहीर केलं आणि पलीकडे जी शांतता पसरली, ती सासूबाई इथं येईपर्यंत टिकली. आल्यावर त्यांना मुद्दाम नेलं. बागेत बसून त्यांनी चहा मागवला, चहा मिळतो हे बघून अर्ध्या निवळल्या. उरलेल्या अर्ध्या अजूनही निवळलेल्या नाहीत, आणि त्यांचं सगळंच चुकतंय असंही मला वाटत नाही.

तर वाढदिवसाबद्दल. पत्ता बरोबर आहे. बहुतेक मागची खोली भाड्यानं घेतली असेल. आईबाबांनी थांबायचं की सोडून जायचं ते आमंत्रण देणाऱ्या आईला आजच विचार, आणि लेक मांसाहारी खात नसेल तर तेही सांगून टाक, नाहीतर तिच्यासमोर सॉसेज येईल. अशा पार्टीला बऱ्याचदा कार पार्कच्या बाजूच्या दारानं जातात. पुढच्या दारानं गेलीस तर बारमधून वाट काढावी लागेल. गेलीस तरी काही बिघडत नाही म्हणा.