पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत कामाची गोडी कशी टिकवावी

आतापर्यंत दर सत्राला परीक्षा असायची, गुण मिळायचे, निकाल लागायचा. पीएचडीत महिनोन्महिने कुणी 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणत नाही. दिवसभर राबूनही संध्याकाळी हात रिकामेच वाटतात आणि उत्साह ओसरतो. म्हणून छोटे छोटे निकाल स्वतःच तयार करावे लागतात.

सर्वांत जास्त दमछाक वाचनात होते. पेपर, म्हणजे शोधनिबंध, पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. आधी दहा मिनिटांत सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष बघा. बरेच पेपर इथेच गळतील, गळू द्या. उरलेल्या प्रत्येकावर स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा: प्रश्न काय, पद्धत कोणती, सापडलं काय आणि मला काय पटलं नाही. चौथी ओळ लिहायला जड जाते, पण खरं मोल तिचंच. 'नमुना ४० जणांचा, तेही एकाच वर्गातले. मग निष्कर्ष सगळ्यांना कसा लागू?' अशा एखाद्या ओळीतूनच पुढे तुमचा संशोधनप्रश्न निघतो. नुसत्या पीडीएफ उतरवून फोल्डर भरलं, तर काम झाल्याचा भास तेवढा होतो.

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी पेपरमधला एक आलेख मूळ डेटावरून स्वतः काढून बघा. विषय इतिहास-साहित्याचा असेल, तर एखादा संदर्भ मूळ साधनाशी ताडून बघा. जुळला तर हात बसतो, नाही जुळला तर शोधायला काहीतरी मिळतं.

रोज सकाळचा दीड तास राखून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. त्या वेळात काय करायचं ते आदल्या संध्याकाळीच लिहा. 'लिटरेचर रिव्ह्यू' (आधीच्या संशोधनाचा आढावा) एवढंच लिहिलंत, तर सकाळी सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. 'मोजमापाच्या तीन पद्धतींचा तक्ता, पहिले दोन रकाने' असं लिहा.

गाइडना दर आठवड्याला अर्ध्या पानाचा मेल करा: काय झालं, कुठे अडलं, पुढे काय. काहीच झालं नसेल, त्या आठवड्यात तर आवर्जून. एकदा तोंड चुकवायला लागलं की दर आठवड्याला भेट अवघड होत जाते. 'सर, आता काय करू?' असं विचारण्यापेक्षा 'हे दोन पर्याय आहेत, मला पहिला बरा वाटतो, कारण…' असं लिहिलंत तर उत्तर लवकर येतं.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वेळापत्रक बदलत बसू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.