जुनं आर्केड कॅबिनेट सुरू करण्याआधी 5 व्होल्ट तपासा

जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं उभं मशीन, घरी आलं की पहिला मोह होतो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. आधी गेम बोर्डाचा (ज्यावर गेम चालतो त्या सर्किट बोर्डाचा) कनेक्टर काढा, मगच पॉवर सप्लाय, म्हणजे बोर्डाला वीज देणारा भाग, सुरू करून मल्टीमीटरने त्याचे व्होल्ट मोजा. बोर्डाला 5 व्होल्ट लागतात. त्याहून बरेच जास्त गेले तर चिप्स जळतात, आणि त्यातल्या काही आता नव्या बनतच नाहीत.

बहुतेक स्विचिंग सप्लायवर व्होल्ट कमीजास्त करायचा छोटा स्क्रू असतो. बोर्ड जोडल्यावर पुन्हा मोजा, पण या वेळी बोर्डावरच, कारण खरा आकडा तिथेच कळतो. सप्लायवर 5.1 आणि बोर्डावर 4.7 दिसले तर स्क्रू पिळत बसू नका. बहुतेक वेळा दोष कनेक्टरच्या काळवंडलेल्या पट्ट्यांचा असतो. वीज बंद करून त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्लास्टिक करपलं असेल तर कनेक्टरच बदला.

आणि हो, पिक्चर ट्यूबचा मॉनिटर असेल तर हात तिच्यापासून लांब ठेवा. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.