हीटसिंक नीट टेकला नसेल, तर पेस्ट बदलून काय होणार? या चुका टाळा

गेम सुरू करताच सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) दोन सेकंदांत शंभर अंशांना भिडतो आणि गेम बंद केला की तितक्याच झटक्यात ५०वर येतो? मग पंख्याला दोष देऊ नका. धूळ साचली असेल किंवा हवा खेळत नसेल, तर तापमान काही मिनिटं घेऊन सावकाश चढतं. असं उडी मारणारं तापमान सहसा सांगतं की उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत पोचतच नाहीये. (एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेत, तिथे घाबरू नका.)

अशा वेळी बहुतेक जण महागडी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधे लावायचा लेप) आणतात आणि भरपूर थापतात. ही पहिली चूक. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या पेस्टची एक आकडी, फार तर दहा-बाराच्या घरात, आणि हवेची जेमतेम ०.०२६. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण तांब्यापुढे काहीच नाही. तिचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरायचं. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो. पसरवायचं काम कूलरचा, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीचा, दाब करतो.

हा दाबच खरा कळीचा मुद्दा. इंटेलच्या डब्यात मिळणाऱ्या गोल कूलरला चार प्लास्टिकच्या पुशपिन असतात. वरच्या टोकावरचा बाण पिन सोडवण्याची दिशा दाखवतो. ती बसवण्याची दिशा समजून पिन फिरवली की ती अडकतच नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकदम दाबा, ‘टक्’ आवाज येऊ द्या, मग उरलेल्या दोन. त्यानंतर मदरबोर्ड उलटा करून बघाच: चारही भोकांतून पांढरे पाय बाहेर येऊन, मधल्या काळ्या दांडीने फाकलेले दिसले पाहिजेत. एक जरी पाय आत राहिला, तरी हीटसिंक त्या बाजूने उचललेला राहतो. स्क्रूचा कूलर असेल तर प्रत्येक स्क्रूला एक-दोन वेढे, तिरप्या क्रमाने. एक कोपरा आधीच पूर्ण आवळला की घात झाला.

शंका असेल तर कूलर काढून पेस्टचा ठसा वाचा. सगळीकडे पातळ, एकसारखा थर दिसला तर उत्तम. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळपास पुसलेला, म्हणजे कूलर तिरका बसलाय. मधे जाड आणि दोन कडांना पातळ असेल, तर प्रोसेसरचं वरचं धातूचं झाकण वाकल्याची शक्यता. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) हे बऱ्याच जणांना दिसलं, कारण तिथली पकड लांबट झाकणाला मधोमध दाबते. त्यासाठी या पकडीच्या जागी बसवायची काँटॅक्ट फ्रेम मिळते, पण आधी वॉरंटीच्या अटी वाचा. पॉलिश पेपरने झाकण घासायच्या फंदात मात्र पडू नका; वॉरंटी हमखास जाते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट घट्ट झालेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या खालच्या पिना वाकतात. आधी संगणक थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा.

एकदा उचललेला कूलर जुन्याच पेस्टवर परत ठेवू नका, मधे हवा अडकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा, नवा थेंब टाका. नवीन कूलर असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढलीय ना, तेही बघा.