मेल आपोआप येणे-जाणे थांबले तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

वागळे इस्टेटमधील लहान कारखाने, महापे-रबाळे पट्ट्यातील वर्कशॉप आणि बेलापूरमधील कस्टम क्लिअरिंगची काही कार्यालये यांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. या ठिकाणी रोजचा पत्रव्यवहार आजही ब्राउझरमधून नव्हे, तर संगणकावर बसवलेल्या आउटलुक किंवा थंडरबर्डमधून चालतो, कारण जुनी कोटेशन, चलने आणि ड्रॉइंग वर्षानुवर्षे तिथेच साठत आलेली असतात, आणि न्हावा शेवा बंदरातून माल सोडवून देणाऱ्याला तीन वर्षांपूर्वीच्या बिल ऑफ एन्ट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टमकडे भरलेल्या कागदाचा, मेल हवा तेव्हा शोधून काढावा लागतो. अशा कार्यालयात मेल आपोआप येणे-जाणे थांबले, तरी पडद्यावर काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही, त्यामुळे ते लक्षात यायलाच अर्धा दिवस जातो. एका कारखान्याने निविदेचा दर शेवटच्या दिवशी दुपारी लिहून ‘सेंड’ दाबले होते आणि तो मेल संध्याकाळपर्यंत आउटबॉक्समध्येच पडून होता. दर योग्य होता, काम त्यांच्या हातचे होते, आणि तरीही ते गेले.

अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने खाते काढून टाकतात आणि पुन्हा जोडतात. हा उपाय सर्वांत शेवटचा आहे आणि त्यात जुने मेल गमावण्याचा धोकाही आहे. त्याआधी दोषाची जागा निश्चित करावी, आणि त्यासाठी दोन मिनिटे पुरतात.

प्रथम ब्राउझर उघडून त्याच खात्यात थेट प्रवेश करावा. अपेक्षित मेल तिथेही नसेल, तर तो सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही आणि आउटलुकमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग होणार नाही. पाठवणाऱ्याकडे चौकशी करावी, स्पॅमचा फोल्डर पाहावा आणि खात्यातील जागा संपली आहे का तेही पाहावे. जीमेलच्या मोफत खात्याला मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, त्यामुळे कोणीतरी फोनमधले फोटो चढवल्यामुळे कार्यालयाचे मेल बंद पडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ब्राउझरमध्ये मेल दिसत असेल, तर आउटलुकमध्ये ‘एफ९’ ही कळ दाबावी. थंडरबर्डमध्ये ‘गेट मेसेजेस’ हे बटण दाबावे. हाताने बटण दाबल्यावर मेल आला, तर जोडणी आणि पासवर्ड दोन्ही ठीक आहेत आणि बिघाड फक्त वेळापत्रकात, म्हणजे ठरावीक मिनिटांनी मेल आपोआप तपासण्याच्या मांडणीत आहे. हाताने दाबूनही आला नाही, तर वेळापत्रकाला हात लावू नये. दोष जोडणी, पासवर्ड, सुरक्षा किंवा साठवणुकीची फाइल यांपैकी कुठेतरी आहे.

यासोबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेल आणणे आणि मेल पाठवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. आणण्यासाठी पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणारी पद्धत) किंवा आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी पद्धत) आणि पाठवण्यासाठी एसएमटीपी असे वेगळे सर्व्हर, वेगळे पोर्ट (जोडणीच्या दाराचे क्रमांक) आणि काही वेळा वेगळे पासवर्डही असतात, म्हणून “मेल चालत नाही” एवढ्या तक्रारीवर न थांबता येणे थांबले आहे की जाणे, हे आधी विचारून घ्यावे.

हाताने चालते, आपोआप चालत नाही

सर्वांत साधे कारण आधी पाहावे. आउटलुकच्या खिडकीत खालच्या पट्टीवर ‘वर्किंग ऑफलाइन’ असे दिसत असेल, तर ‘सेंड/रिसीव्ह’ या टॅबमधील ‘वर्क ऑफलाइन’ हे बटण कोणाकडून तरी दाबले गेले आहे. तेच पुन्हा दाबले की जोडणी परत सुरू होते. थंडरबर्डमध्ये हेच काम खाली डाव्या कोपऱ्यातील लहान चिन्ह करते आणि तेही चुकून दाबले जाते.

त्यानंतर वेळापत्रक. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एस’ या तीन कळा एकत्र दाबल्या की सेंड/रिसीव्ह गटांची खिडकी उघडते आणि तिथे ‘ऑल अकाउंट्स’ हा गट दिसतो. त्याला निवडल्यावर खाली काही चौकटी दिसतात. हा गट ‘एफ९’ दाबल्यावर चालवावा का, ही पहिली. ठरावीक मिनिटांनी आपोआप चालवावा का, ही दुसरी. आणि आउटलुक बंद करताना एकदा चालवावा का, ही तिसरी. दुसऱ्या चौकटीतील खूण निघाली असेल, तर नेमकी “बटण दाबले की येतो, नाहीतर नाही” हीच तक्रार उद्भवते. मूळ मांडणीत तिथे ३० मिनिटे असतात. कोटेशन आणि डिलिव्हरी ऑर्डर यांच्यावर चालणाऱ्या कार्यालयासाठी ३० मिनिटे फार होतात, म्हणून मी १० मिनिटे ठेवतो. काही जण उत्साहाने १ मिनिट लिहितात, परंतु पॉपचे खाते असेल तर ते टाळावे, कारण पॉपच्या नियमानुसार एक सत्र चालू असताना सर्व्हर ती मेलपेटी दुसऱ्या कोणासाठीही कुलूपबंद ठेवतो. एखादे मोठे ड्रॉइंग उतरत असताना पुढची फेरी सुरू झाली, किंवा त्याच खात्यावर दुसरा संगणकही दर मिनिटाला येऊन धडकला, तर सर्व्हर नकार देतो आणि दिवसभर चूक दाखवणारे संदेश येत राहतात.

त्याच खिडकीत ‘एडिट’ दाबून प्रत्येक खाते त्या गटात सामील आहे का, आणि त्या खात्यासाठी मेल पाठवणे व आणणे या दोन्हींवर खूण आहे का, हे तपासावे. नंतर जोडलेले दुसरे खाते अनेकदा इथेच बाहेर राहिलेले असते. पाठवण्याच्या बाबतीत आणखी एक जागा आहे: ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या मार्गाने गेल्यावर ‘सेंड इमिजिएटली व्हेन कनेक्टेड’ अशी ओळ दिसते. तिथली खूण निघाली असेल, तर लिहिलेला मेल पुढच्या फेरीपर्यंत आउटबॉक्समध्ये थांबतो.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजचे (मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन मेल सर्व्हरचे) खाते असेल, तर मेल येण्यासाठी या वेळापत्रकाची गरजच नसते, कारण नवीन मेलची वर्दी सर्व्हर स्वतः देतो. नव्या आउटलुकमध्ये तर गटांची ही खिडकीच नाही, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नये.

थंडरबर्डमध्ये प्रत्येक खात्याची मांडणी स्वतंत्र असते. ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडून सॉफ्टवेअर सुरू होताना मेल तपासण्याची आणि ठरावीक मिनिटांनी तपासण्याची, अशा दोन्ही खुणा पाहाव्यात. पॉपच्या खात्यात मेल आपोआप उतरवून घेण्याची एक वेगळी खूणही असते. आयमॅपच्या खात्यात सर्व्हरकडून तात्काळ वर्दी घेण्याची सोय असते आणि ती चालू ठेवावी.

आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल

या तक्रारीत माणसांचा सर्वाधिक वेळ जातो. आउटलुकच्या आउटबॉक्समध्ये पाठवण्यासाठी तयार असलेला मेल तिरक्या अक्षरांत दिसतो. “गेला की नाही” हे पाहण्यासाठी कोणी तो उघडला आणि तसाच बंद केला, तर अक्षरे सरळ होतात, आणि त्याचा अर्थ असा की तो आता पाठवण्याच्या रांगेतून बाहेर पडला आहे. कितीही वेळ थांबले तरी तो जाणार नाही. उपाय सोपा आहे: तो मेल उघडावा आणि पुन्हा ‘सेंड’ दाबावे. आउटबॉक्समधील मेल उघडून पाहू नये, ही सूचना मी प्रत्येक कार्यालयात देतो आणि प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला ती पुन्हा द्यावी लागते.

दुसरे कारण म्हणजे जड अटॅचमेंट. जीमेलवरून पाठवता येणाऱ्या मेलची मर्यादा २५ एमबी आहे, परंतु मेलमधून जाताना फाइलचे रूपांतर होऊन तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून प्रत्यक्षात १८ एमबीच्या पुढची फाइल अडचणीत येऊ शकते. असा मेल अडकला की त्याच्या मागचे मेलही रखडतात आणि पाठवणे चालू असल्यामुळे तो काढूही देत नाही. त्या वेळी ‘वर्क ऑफलाइन’ दाबावे, आउटलुक बंद करून पुन्हा सुरू करावे, तो मेल ओढून ‘ड्राफ्ट्स’मध्ये न्यावा, फाइल काढून तिच्या जागी ड्राइव्हवरील लिंक द्यावी आणि मग ऑफलाइनची खूण काढावी.

थंडरबर्डमध्ये मेल लिहून झाल्यावर ‘कंट्रोल’ आणि ‘एंटर’ यांच्यासोबत चुकून ‘शिफ्ट’ही दाबले गेले, तर मेल लगेच जात नाही, तो ‘नंतर पाठवा’ या अर्थाने ‘लोकल फोल्डर्स’खालील आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो. त्या आउटबॉक्सवर माउसचे उजवे बटण दाबून ‘सेंड अनसेंट मेसेजेस’ निवडावे.

हाताने बटण दाबूनही चालत नाही

पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा वर येत असेल आणि पासवर्ड बरोबर असूनही तो स्वीकारला जात नसेल, तर दोष बहुधा पासवर्डमध्ये नसून प्रवेशाच्या पद्धतीत आहे. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर केवळ नाव आणि पासवर्ड वापरून प्रवेश करणाऱ्या सॉफ्टवेअरना मनाई करण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनसाठी आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी जुनी पद्धत बंद केली. थंडरबर्डमध्ये यासाठी ‘ऑथेंटिकेशन मेथड’ या ठिकाणी ‘ओऑथ२’ (सॉफ्टवेअरला पासवर्ड न देता ब्राउझरसारख्या खिडकीतून परवानगी देण्याची पद्धत) निवडावे आणि ते येणाऱ्या तसेच जाणाऱ्या अशा दोन्ही सर्व्हरसाठी निवडावे. एका बाजूला बदल करून दुसरी विसरली, तर मेल येतात पण जात नाहीत. ज्या जुन्या आउटलुकमध्ये ही पद्धत नाही, तिथे गुगल खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड तयार करावा आणि तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी भरावा.

पोर्टही एकदा ताडून पाहावेत. सुरक्षित पॉपसाठी ९९५, सुरक्षित आयमॅपसाठी ९९३ आणि पाठवण्यासाठी स्टार्ट-टीएलएससह ५८७ किंवा एसएसएलसह ४६५ (ही दोन्ही जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धतींची नावे), असे आकडे बहुतेक ठिकाणी चालतात. स्वतःच्या डोमेनचे खाते फार वर्षांपूर्वी जोडलेले असेल, तर पाठवण्यासाठी अजूनही २५ हा पोर्ट दिलेला आढळतो, आणि स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट पुरवठादार तो बंद ठेवतात. कार्यालयाने ब्रॉडबँड बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी मेल जाणे थांबले असेल, तर हेच कारण आधी धरावे. फोनचा हॉटस्पॉट जोडून एक मेल पाठवून पाहावा. हॉटस्पॉटवर गेला आणि कार्यालयाच्या जोडणीवर अडकला, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही हे सिद्ध होते. त्याचबरोबर, जाणाऱ्या सर्व्हरला ओळख पटवावी लागते, या अर्थाची आउटलुकमधील खूण लावलेली आहे, याची खात्री करावी.

संगणकाच्या घड्याळाकडे मात्र कोणीच पाहत नाही. वागळे इस्टेटमध्ये शुक्रवारी सुट्टी पाळणाऱ्या एका कारखान्यात दर शनिवारी सकाळी मेल बंद असत आणि दुपारपर्यंत कोणीतरी “काहीतरी करून” ते सुरू करत असे. सुट्टीच्या दिवशी मुख्य स्विच बंद केला जाई, मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली होती आणि त्यामुळे संगणक शनिवारी कित्येक वर्षे मागची तारीख घेऊन सुरू होत असे. सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडली जाते. तारीख चुकली की ते प्रमाणपत्र अवैध ठरते आणि जोडणी नाकारली जाते. तारीख दुरुस्त करून ‘सीआर२०३२’ ही बॅटरी बदलल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही.

अँटिव्हायरसमधील मेल तपासणीही मध्ये येऊ शकते. संपूर्ण अँटिव्हायरस न काढता केवळ मेल तपासण्याचा भाग थोडा वेळ बंद करून पाहावा. आउटलुकला जोडलेल्या एखाद्या अ‍ॅड-इनचा (जादा सोयीसाठीच्या छोट्या प्रोग्रामचा) संशय असेल, तर ‘विंडोज’ आणि ‘आर’ या कळा दाबून ‘आउटलुक.ईएक्सई’ आणि एक जागा सोडून ‘/सेफ’ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे; या स्थितीत मेल चालले, तर अ‍ॅड-इन एकेक बंद करत दोषी शोधावा.

जुन्या कार्यालयांत शेवटी साठवणुकीच्या फाइलपाशी यावे लागते. आउटलुक ज्या फाइलमध्ये मेल साठवतो, त्या पीएसटी फाइलची मूळ मर्यादा २००३ आणि २००७ या आवृत्त्यांत २० जीबी होती आणि २०१० पासून ती ५० जीबी आहे. मर्यादा जवळ आली की मेल उतरताना चुका येऊ लागतात. जुन्या वर्षांचे मेल दुसऱ्या पीएसटीमध्ये हलवावेत. फाइल खराब झाल्याचा संदेश येत असेल, तर आउटलुक बंद करून तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि त्यानंतरच आउटलुकसोबत येणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन चालवावे. प्रत न काढता दुरुस्ती करू नये.

हे सर्व करूनही यश आले नाही, तर जुने प्रोफाइल (आउटलुकमधील खाती आणि मांडणी यांचा संच) तसेच ठेवून कंट्रोल पॅनेलमधील ‘मेल’मधून नवे प्रोफाइल तयार करावे. पॉपच्या खात्यात सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण नसेल, तर सगळे जुने मेल केवळ त्या एका संगणकावर आहेत, हे विसरू नये.

दुरुस्ती झाली असे वाटल्यावर फोनवरील दुसऱ्या खात्यातून त्या खात्यावर एक मेल पाठवावा, संगणकाला हात न लावता ठरवलेली १० मिनिटे थांबावे, आणि तो आपोआप आल्यावर त्याला उत्तर देऊन ते फोनवर पोहोचते का ते पाहावे.