लॉगिन नेमकं कुठे अडलंय?

लिनक्सचा कोर्स संपवून अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत ज्युनियर सिस्टीम अॅडमिन म्हणून लागले, त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. आमचं सॉफ्टवेअर द्राक्षांची पॅकहाऊसं वापरतात. दिंडोरी, पिंपळगाव बसवंत भागातल्या पॅकहाऊसमधला वजनकाट्याजवळचा कॉम्प्युटर दिवसभराच्या क्रेटचा हिशोब रात्री एसएफटीपीने (एसएसएच या सुरक्षित लॉगिनवरून फाइल पाठवायची पद्धत) आमच्या सर्व्हरवर पाठवतो. हंगामाच्या ऐन गर्दीत काही बिघडायला नको म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री आम्ही सर्व्हर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २०.०४ वरून २२.०४ वर नेला. माझ्या लॅपटॉपवरून लॉगिन झालं, वेबसाइट उघडली, आम्ही घरी गेलो. रविवारी सकाळी पाहते तर तीन पॅकहाऊसचा डेटाच आलेला नाही.

तिकडच्या स्क्रीनवर मेसेज एवढाच: 'पर्मिशन डिनाइड (पब्लिक की)'. की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, बिघडली असं धरून मी सर्व्हरवरची ऑथराइज्ड कीजची (मान्य कीच्या यादीची) फाइल दोनदा नव्याने लिहिली. तरी जमेना, तेव्हा फोल्डरची परवानगी ७७७, म्हणजे कुणालाही लिहिता येईल अशी, करून टाकली. हे तुम्ही कधीही करू नका. युजरच्या होम फोल्डरवर किंवा डॉट-एसएसएच फोल्डरवर दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच लॉगिन स्वीकारणारा प्रोग्रॅम) त्यातल्या की मानतच नाही. फोल्डरला ७०० आणि आतल्या फाइलला ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरतं, हेच बरोबर. आधीचा बिघाड सापडला नव्हताच, त्यात माझ्या हाताने दुसरा तयार झाला.

आमच्या सिनियरना सगळे दादा म्हणतात. त्यांना नाशिकरोडला फोन लावला. मी काय काय केलं ते सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "अगं, ते राहू दे. लॉगिन अडलंय कुठे ते सांग. दारापर्यंत पोचतंय का? दारात बोलणं होतंय का? की ओळख पटत नाहीये?"

आजही मी याच क्रमाने बघते. 'टाइम्ड आउट' आलं तर बहुतेक वेळा आपली हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नाही: फायरवॉल, चुकीचा आयपी, किंवा अपग्रेडनंतर नेटवर्क कार्डाचं नाव बदलल्याने सर्व्हरच नेटवर्कबाहेर गेलेला. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीन बहुधा जागेवर आहे, पण त्या पोर्टवर (लॉगिनच्या ठरलेल्या दारावर) कुणी ऐकत नाही. एसएसएचडी सुरूच झाला नसेल. 'नो मॅचिंग' असं काही आलं तर दोघांची भाषा जुळली नाही. आणि 'पर्मिशन डिनाइड' म्हणजे बाकी सगळं पार पडलं, फक्त ओळख नाकारली. या शेवटच्या वेळी फायरवॉल तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

ओळख का नाकारली हे क्लायंटला (लॉगिन करणाऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमला) मुद्दामच सांगितलं जात नाही. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं: उबुंटूवर व्हार-लॉगमधली ऑथ लॉगची फाइल, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाची. मी ती उघडलीच नव्हती. उघडली तर कारण एका ओळीत लिहिलेलं: एसएसएच-आरएसए हा प्रकार स्वीकारायच्या अल्गोरिदमच्या यादीत नाही.

इथे बरेच जण समजतात की आरएसए प्रकारच्या की बंद झाल्या. तसं नाही. लॉगिन करताना क्लायंट आपल्या कीने एक सही करतो. तीच आरएसए की शा-१ (मजकुराचा छोटा ठसा काढायची जुनी पद्धत) वापरून सही करू शकते, किंवा नव्या शा-२ वापरून. ओपनएसएसएच, म्हणजे लिनक्सवरचं नेहमीचं एसएसएच, त्याच्या ८.८ आवृत्तीने, २०२१ मध्ये, शा-१ ची सही मूळ सेटिंगमध्ये बंद केली. उबुंटू २०.०४ मध्ये ८.२ होतं, २२.०४ मध्ये ८.९ आहे, म्हणजे आम्ही शनिवारी रात्री नेमकी ती रेघ ओलांडली होती. कारणही रास्त आहे. शा-१ ची पहिली टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा) २०१७ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवली गेली, आणि त्याहून घातक प्रकारचा हल्ला ५० हजार डॉलरच्या आत शक्य आहे असं ओपनएसएसएचनेच नोंदवलंय. माझ्या लॅपटॉपवरचा क्लायंट नवा, तो शा-२ ने सही करत होता. पॅकहाऊसमधल्या मशीनवरचा क्लायंट ओपनएसएसएच ७.२ च्या आधीचा. त्याला शा-२ ची सही येतच नव्हती. की शाबूत होती.

इंटरनेटवर शोधलं की पहिला उपाय मिळतो तो जुनी सही सगळ्यांसाठी परत चालू करण्याचा. मला तो पटत नाही. एका जुन्या यंत्रासाठी आख्ख्या सर्व्हरचं कुलूप सैल कशाला करायचं? दादांनी सेटिंगच्या फाइलच्या शेवटी फक्त त्या एका युजरसाठी मॅच ब्लॉक (ठरावीक युजरलाच लागू होणारा सेटिंगचा तुकडा) लिहून घेतला, त्यातच जुनी सही तात्पुरती चालू केली. मग पुढच्या आठवड्यात मी एकेका पॅकहाऊसला जाऊन नव्या की बसवल्या. ईडी२५५१९ या नव्या प्रकारची की ओपनएसएसएच ६.५ पासून चालते, पण दोन मशीन त्याहूनही जुन्या निघाल्या. तिथे ईसीडीएसए प्रकारची की वापरावी लागली.

आता अपग्रेडच्या आधीचं थोडं. चालू असलेलं एक लॉगिन शेवटपर्यंत बंद करू नका आणि तपासणी नेहमी दुसऱ्या टर्मिनलमधून करा. एसएसएचडी रिस्टार्ट केला तरी जोडलेलं सेशन तुटत नाही, तोच तुमचा परतीचा रस्ता. एसएसएचवरून अपग्रेड करताना उबुंटू १०२२ पोर्टवर एक जादा एसएसएचडी सुरू करतो. फायरवॉलमध्ये तो पोर्ट तेवढ्यापुरता उघडा ठेवा. मध्येच विचारलं जातं, सेटिंगची फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ? घाईत एंटर दाबू नका, दोन्हींतला फरक वाचा. रिस्टार्टच्या आधी 'एसएसएचडी -टी' (छोट्या लिपीतला टी) चालवा, फाइलमधली चूक तिथेच कळते. टी मोठ्या लिपीतला दिला तर प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग दिसतात; हे मोलाचं आहे, कारण एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरमधली फाइल आधी वाचली जाते आणि बहुतेक सेटिंगचं पहिलं मूल्यच टिकतं.

२४.०४ वर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की २२.१० पासून पोर्टवर एसएसएचडीऐवजी सिस्टीमडीचं (सगळ्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) सॉकेट ऐकतं. फाइलमध्ये पोर्ट बदलून फक्त एसएसएचची सर्व्हिस रिस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट चालू राहतो. डीमन-रीलोड करून एसएसएच सॉकेट रिस्टार्ट करायचं.

जानेवारीत पिंपळगावच्या शेवटच्या मशीनवर नवी की बसली. त्या रात्री मी ऑफिसमध्येच थांबले, मॅच ब्लॉक काढला, 'एसएसएचडी -टी' चालवलं, रीलोड केलं आणि लॉग उघडून बसले. साडेदहाच्या सुमाराला एकेक पॅकहाऊस लॉगिन होत गेलं. तिन्ही आल्यावर मी पहिलं टर्मिनल बंद केलं.