सौरऊर्जा क्षेत्रात मन लागेल असे काम कसे शोधावे

सौर प्रकल्प उभा राहण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी कागदावर एक आकडा लिहून देतो: हा प्रकल्प वर्षाला इतके युनिट वीज देईल. त्या आकड्याच्या भरवशावर कर्ज मंजूर होते, जागा घेतली जाते, पॅनलची मागणी नोंदवली जाते, आणि पुढची २५ वर्षे प्रकल्पाचा मीटर त्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. या क्षेत्रातली जवळजवळ सगळी कामे या एका आकड्याभोवती वाटली गेली आहेत. कोणी तो काढतो, कोणी तो प्रत्यक्षात उतरावा म्हणून उन्हात उभे राहून जोडणी करतो, तर कोणी तो का घसरला याचा छडा लावतो. म्हणून काम शोधायला निघालेल्याने पदांची नावे आणि पगाराचे तक्ते क्षणभर बाजूला ठेवावेत आणि या आकड्याच्या कोणत्या टप्प्याची जबाबदारी आपल्याला अंगावर घ्यायला आवडेल, हे आधी ठरवावे.

क्षेत्र वाढते आहे यात शंका नाही. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट, म्हणजे उन्हापासून वीज करणारा पॅनलमधला छोटा घटक, दाखवण्यात आला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनल २० टक्क्यांच्या पुढे आहे, आणि २०२२ मध्ये जगातील एकूण स्थापित सौर क्षमतेने १ टेरावॉटचा, म्हणजे १० लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. परंतु केवळ वाढ पाहून या क्षेत्रात येणाऱ्याने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. उभारणीचे काम लाटेसारखे येते. धोरण बदलले, व्याजदर चढले किंवा वीजजाळ्याची जोडणी मिळायला उशीर झाला, की नवे प्रकल्प थांबतात आणि उभारणीवरची माणसे मोकळी होतात. उभा राहिलेला प्रकल्प मात्र धोरण बदलले म्हणून बंद पडत नाही. त्याला दररोज पाहणारे, मोजणारे आणि दुरुस्त करणारे कोणीतरी लागतेच. ज्याला स्थैर्य महत्त्वाचे वाटते त्याने देखभालीच्या कामाकडे दुय्यम काम म्हणून पाहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कामांचे प्रकार थोडक्यात सांगायचे तर कारखान्यात सौरघट आणि पॅनल तयार होतात, आणि तिथे रसायन, धातुशास्त्र, यंत्रे व गुणवत्ता-तपासणी जाणणाऱ्यांना वाव असतो. प्रकल्प-विकासात जमीन, परवाने, वीजजाळ्याची जोडणी आणि करार सांभाळणारी माणसे लागतात. अर्थ आणि विमा या बाजूला हिशेबाची शिस्त लागते. यांपैकी कोणत्याही कामात शिरताना आधीच्या पेशाचा अनुभव वाया जात नाही. भूमापनाचे काम केलेला माणूस सौर प्रकल्पाच्या जागेची पाहणी इतरांपेक्षा लवकर शिकतो आणि घरगुती वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन एकदिश विद्युतप्रवाहाचे (डीसी) वेगळेपण समजून घेतले की महिन्याभरात उपयोगी पडू लागतो. आराखडा, उभारणी आणि देखभाल या तीन कामांबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण बहुतेकांचा प्रवेश तिथूनच होतो आणि तिथली दैनंदिनी बाहेरून नीट दिसत नाही.

आराखड्याचे काम टेबलावरचे आहे, पण त्यात चुकीला जागा फार थोडी आहे. एक उदाहरण घेऊ. एका पॅनलचा खुला व्होल्टेज, म्हणजे भार नसतानाचा व्होल्टेज, ४९.५ आहे आणि इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलच्या एकदिश प्रवाहाचे घरगुती प्रकारच्या विजेत रूपांतर करणाऱ्या यंत्राची, कमाल मर्यादा १००० व्होल्ट आहे. नवखा माणूस २० पॅनल एका मालिकेत, म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये जोडतो. गुणाकार ९९० येतो आणि त्याला सगळे सुरक्षित वाटते. पण पॅनलवर छापलेले आकडे सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून दिलेले असतात, आणि थंडीत व्होल्टेज वाढतो. या पॅनलच्या माहितीपत्रकात दर अंशाला ०.२७ टक्के असे प्रमाण दिले असेल, तर ५ अंशांच्या पहाटे तो ५.४ टक्क्यांनी चढेल आणि स्ट्रिंग १०४३ व्होल्टवर जाईल. इन्व्हर्टर पहिल्याच थंड, स्वच्छ सकाळी जळण्याची शक्यता तेव्हाच निर्माण होते आणि अशा वापरावर उत्पादक हमी नाकारू शकतो. एक पॅनल कमी केले की तोच हिशेब ९९१ वर थांबतो. ज्याला असा एका पॅनलचा फरक शोधण्यात आनंद वाटतो, ज्याला माहितीपत्रकातली बारीक अक्षरे वाचायचा कंटाळा येत नाही, त्याने आराखड्याकडे वळावे.

उन्हाळ्याचा हिशेब याच्या उलट असतो. ५५० वॉटचे पॅनल प्रत्यक्षात ५५० वॉट क्वचितच देते; सौरघट ६० अंशांपर्यंत तापला आणि शक्तीची घट दर अंशाला ०.३५ टक्के असली, तर पूर्ण उन्हातही सुमारे ४८३ वॉटच हाती येतात. विक्रीच्या कामात जाणाऱ्याने हे गणित तोंडपाठ ठेवावे. ग्राहकाला फुगवलेला आकडा सांगून करार मिळतो, पण पहिल्याच वर्षी त्याचे वीजबिल खरे काय ते सांगते, आणि सौर व्यवसायात नवे ग्राहक मोठ्या प्रमाणावर जुन्या ग्राहकांच्या शब्दावर येतात. विक्रीचे काम मनापासून करायचे असेल, तर अंदाज स्वतःला काढता आला पाहिजे.

उभारणीचे काम शरीराचे आहे: शिडी, उंची, ऊन, वारा आणि जड काच. यात समाधानही तितकेच प्रत्यक्ष मिळते, कारण सकाळी मोकळे असलेले छप्पर संध्याकाळी वीज देऊ लागते. मात्र या कामाची खरी परीक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होते, ती म्हणजे पॅनलच्या तारांच्या टोकांना लावायच्या कनेक्टरमध्ये. तारेचे आवरण नेमक्या लांबीचे सोलायचे, तांब्याचा एकही तंतू तुटू द्यायचा नाही, धातूची पिन त्यासाठीच्या खास अवजाराने (क्रिंपिंग टूलने) दाबायची, तार ओढून पाहायची आणि मगच ती कवचात सरकवून टक असा आवाज ऐकायचा. साध्या पक्कडीने दाबलेली पिन त्या दिवशी चालते. काही वर्षांनी तिथला रोध वाढतो, सांधा तापतो आणि प्लॅस्टिक वितळते. दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी ते जोडू नयेत, हा नियमही याच कारणासाठी आहे.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावी. ऊन पडलेले पॅनल बंद करता येत नाही. घरातल्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे (एसी) मूल्य सेकंदाला कित्येकदा शून्यावर येते आणि त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते; एकदिश प्रवाह शून्यावर येत नाही, म्हणून भार चालू असताना कनेक्टर ओढला तर तिथे पेटलेली ज्वाला तशीच धगधगत राहू शकते. आधी इन्व्हर्टर थांबवायचा, मग विलगक स्विच, म्हणजे पॅनलची जोडणी तोडणारा स्विच, उघडायचा, मग तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री करायची आणि त्यानंतरच हात लावायचा. हा क्रम घाईत मोडायला सांगणाऱ्या मुकादमाकडे काम करू नये.

देखभालीच्या कामाला मी सर्वांत मोठी शाळा मानतो. समजा, एका इन्व्हर्टरवर सारख्याच दिशेला लावलेल्या १२ स्ट्रिंग आहेत. ११ स्ट्रिंगमध्ये ९ अँपिअर प्रवाह दिसतो आणि एकीत ६. ढग असता तर सगळ्याच उतरल्या असत्या. मग सावली आहे का, धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा साचली आहे का, काच तडकली आहे का, असे एकेक कारण बाद करत जायचे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले की एखादा घट शेजारच्यांपेक्षा कितीतरी तापलेला स्पष्ट दिसतो. असा शोध वर्षभर घेतलेल्या माणसाला पुढे आराखडा करताना कोणती चूक पाच वर्षांनी कुठे डोके वर काढेल हे आपोआप कळते. पदवीधर अभियंत्यानेही पहिले एक वर्ष प्रकल्पाच्या जागेवर घालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारीची सुरुवात नोकरी मिळण्याची वाट न पाहता करता येते. वीज, ओहमचा नियम, शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक पक्का करावा. किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांत गोंधळ असणारा उमेदवार मुलाखतीत दोन मिनिटांत उघडा पडतो. एनआरईएल या अमेरिकी प्रयोगशाळेने तयार केलेले पीव्हीवॉट्स हे साधन विनामूल्य आहे. त्यात ठिकाण, क्षमता, उतार आणि दिशा भरली की महिन्यावार अंदाज मिळतो. मोठ्या प्रकल्पांत पीव्हीसिस्ट हे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाते, परंतु ते नंतर शिकले तरी चालते. आधी ओळखीच्या कोणाच्या छपरावर सौर संच असेल तर त्याच्या मालकाची परवानगी घेऊन वर्षभराच्या नोंदी मिळवाव्यात, आपण काढलेला अंदाज शेजारी मांडावा आणि प्रत्येक महिन्यातल्या फरकाचे कारण दोन ओळींत लिहावे. अशी दहा पानांची वही मुलाखतीला घेऊन जाणारा उमेदवार फारच क्वचित दिसतो. वीजजोडणीचे काम स्वतः करायचे असल्यास त्या ठिकाणच्या नियमांनुसार लागणारा परवाना घ्यावा. त्याला पर्याय नाही, आणि अल्प मुदतीचे प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही.

कोणत्याही प्रशिक्षणवर्गाची फी भरण्यापूर्वी तिथे प्रत्यक्ष जोडणी करायला मिळते का, किती विद्यार्थ्यांमागे एक मीटर आहे आणि शिकवणाऱ्याने स्वतः प्रकल्पावर काम केले आहे का, हे विचारावे. नुसत्या चित्रफिती दाखवून नोकरीची हमी देणारा वर्ग टाळावा.

मुलाखत दोन्ही बाजूंची असते. कंपनीला विचारावे की प्रकल्प सुपूर्द केल्यानंतर त्याची वीज कोण मोजते, अंदाजापेक्षा ती कमी आली तर पुढे काय होते, बोल्ट आवळल्याच्या आणि केबलच्या रोधनचाचणीच्या (आवरणातून वीज गळत नाही ना, या तपासणीच्या) नोंदी ठेवल्या जातात का, उंचीवर काम करताना सुरक्षापट्टा कंपनी देते की कामगाराने आणायचा. चांगली कंपनी या प्रश्नांनी खूश होते आणि जुन्या नोंदी काढून दाखवते. उत्तर टाळले गेले, तर पगार कितीही चांगला असला तरी तिथे शिकायला थोडे मिळेल आणि दुसऱ्याच्या चुकांची जबाबदारी अंगावर येण्याचा धोका मात्र राहील.

काम मिळाल्यावर पहिल्या दिवसापासून स्वतःची नोंदवही ठेवावी: कोणता प्रकल्प, किती क्षमता, कोणती अडचण, ती कशी सुटली. आपण ज्या पहिल्या प्रकल्पाला हात लावला त्याच्याकडे एका वर्षाने परत जावे, मीटर वाचावा आणि कागदावरच्या त्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक निघाला तर त्यातला किती हवामानाचा, किती धुळीचा आणि किती आपल्या हातच्या कामाचा, हे ठरवायला पुरेशा नोंदी तोपर्यंत वहीत जमलेल्या असतील.